हाताच्या अंतरावरचा गहवारा

उर्दू शाळांच्या भिंतींवर एक वचन हमखास रंगवलेले असते. महदपासून लहदपर्यंत, म्हणजे पाळण्यापासून कबरीपर्यंत, इल्म मिळवत राहा, अशा अर्थाचे ते आहे. बहुतेक ठिकाणी त्याखाली 'हदीस' असेही लिहिलेले असते. हदीसशास्त्राच्या जाणकारांना मात्र हे वचन बुखारी, मुस्लिम किंवा अन्य प्रमाण संग्रहांत सापडत नाही. वचन चांगले आहे, पण प्रेषितांच्या (स.) नावावर ते घालता येत नाही. माझे लक्ष मात्र त्यातल्या एका शब्दावर आहे, तो म्हणजे महद. आपण मुलांना कबरीबद्दल पुष्कळ सांगतो. महदबद्दल, जिथून हे सगळे सुरू होते त्या हातभर लांबीच्या जागेबद्दल, क्वचितच कुणी लिहिले आहे.

अरबीत 'म-ह-द' या धातूचा मूळ अर्थ सपाट करणे, अंथरणे, जागा तयार करणे असा आहे. त्यावरून महद म्हणजे बाळासाठी तयार केलेली जागा. कुरआनात हाच शब्द जमिनीसाठीही येतो. सूरह ताहामध्ये अल्लाहने पृथ्वी माणसांसाठी महद केली असे म्हटले आहे आणि सूरह नबामध्ये त्याच कुळातला 'मिहाद' शब्द आहे. म्हणजे मूळ अरबी कल्पनेत पाळणा झुलतोच असे नाही. तो आधी सपाट आणि स्थिर असतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या बालरोगतज्ज्ञांनी जे सांगितले त्यातही 'सपाट' हाच शब्द महत्त्वाचा ठरला.

फारसीतून उर्दूत आलेला शब्द गहवारा. उर्दू वृत्तपत्रे आजही एखाद्या गावाला 'इल्म-ओ-अदब का गहवारा' म्हणतात. घरात मात्र हा शब्द कुणी वापरत नाही. घरात झूला असतो, पालना असतो, मराठी बोलणाऱ्या घरात पाळणा असतो आणि गरिबाच्या घरात जुन्या साडीची झोळी असते. शब्द जितका भारदस्त, तितकी वस्तू घरापासून दूर, असे काहीसे आहे.

कुरआनात महदमधून बोलणारे बाळ हजरत ईसा (अ.) आहेत. बीबी मरियम एकट्या बाळाला घेऊन आपल्या लोकांत येतात, लोक बोट दाखवतात, त्या काही न बोलता बाळाकडे खूण करतात. पाळण्यातल्या पोराशी काय बोलायचे, असे लोक विचारतात आणि बाळ बोलते. बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसमध्ये पाळण्यात बोललेल्या आणखी बाळांचा उल्लेख आहे. त्यात जुरैज नावाच्या एका आबिदची कथा आहे. त्याच्यावर व्यभिचाराचा आळ आला तेव्हा तान्ह्या बाळाने आपला खरा बाप कोण ते सांगून त्याला सोडवले. दोन्ही कथांत एक साम्य दिसते. समाज ज्याच्यावर चिखलफेक करतो त्याच्या बाजूची साक्ष पाळण्यातून येते. आपल्याकडे बाळाचा पाळणा हा कौतुकाचा, गाण्यांचा विषय मानला जातो. धर्मग्रंथांत तो साक्षीच्या पिंजऱ्याइतका गंभीर आहे.

बाळाला कुठे आणि कसे निजवावे याचा शास्त्र म्हणून विचार मुस्लिम जगात फार लवकर सुरू झाला. कैरवानच्या इब्न अल्‌जज्जारने दहाव्या शतकात बालसंगोपनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच शतकात कुर्तुब्यात अरीब बिन साद याने गर्भ आणि अर्भक यांवर लिहिले. पुढे इब्न सीनाने (९८० ते १०३७) आपल्या 'अल्‌-कानून'च्या पहिल्याच खंडात नवजात बाळाची प्रकरणे घातली. बाळाला समशीतोष्ण, मंद उजेडाच्या खोलीत निजवावे, हळुवार झोके द्यावेत आणि गाणे ऐकवावे, असे तो सांगतो. झोका शरीरासाठी आणि गाणे मनासाठी, अशी त्याची विभागणी आहे. गाण्याला औषधाच्या पंक्तीत बसवणारा हा हकीम आपल्याकडच्या काही वाएजांना परवडला नसता, पण ते असो. बाळाचे डोके धडापेक्षा किंचित उंच ठेवावे असेही त्याने लिहिले आहे. हा सल्ला आज टिकलेला नाही. आज डॉक्टर उशी नको, उतार नको असे सांगतात. इब्न सीनाचा मोठेपणा त्याने कमी होत नाही. जालिनूससारख्या गुरूचीही चिकित्सा करणाऱ्याला स्वतःच्या चिकित्सेचे वावडे असायचे कारण नव्हते.

इब्न सीना बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावचा. त्या मुलखात आजही बेशिक नावाचा पाळणा आहे. ताजिक लोक त्याला गहवारा याच नावाने ओळखतात. खाली दोन वक्र पाये असतात, त्यामुळे तो डावी-उजवीकडे डोलतो, आणि वर एक आडवा दांडा असतो. रात्री आई त्या दांड्यावर हात टाकून, बेशिकवर झुकून बाळाला पाजते. बाळाला रुंद पट्ट्यांनी बांधतात. तळाशी भोक असते आणि लघवीसाठी 'सुमक' नावाची लाकडी नळी लावलेली असते, मुलासाठी वेगळ्या आकाराची आणि मुलीसाठी वेगळ्या. थंड, कोरड्या, पाणी कमी असलेल्या प्रदेशात बाळ कोरडे ठेवण्याची ही युक्ती. तिची किंमतही होती. महिनोन्‌महिने एकाच स्थितीत बांधलेल्या बाळांचे डोके मागून चपटे होई. सोव्हिएत काळात डॉक्टरांनी बेशिकविरुद्ध प्रचार केला, पण तो संपला नाही. 'बेशिक-तोय' हा समारंभ तिकडे आजही थाटात होतो. अंदिजानला १४८३ साली जन्मलेला बाबर असल्याच पाळण्यात बांधला गेला असावा. हिंदुस्थानची गादी मिळवणाऱ्याचे पहिले वर्ष हातपाय न हलवता गेले असेल, ही कल्पना गमतीची आहे.

रिकामा बेशिक हलवू नये, असा तिथे समज आहे. आपल्याकडेही म्हातारी माणसे हेच सांगतात. दोन्हीकडे भीती एकच.

उस्मानी दरबारात पाळण्याचे रूप अगदी निराळे होते. सुलतानाला मूल झाले की राजमातेच्या वतीने एक आणि वजीरे-आझमच्या वतीने एक असे दोन पाळणे मिरवणुकीने तोपकापी राजवाड्यात येत. या मिरवणुकीला 'बेशिक आलाय' म्हणत. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयात सोन्याने मढवलेला रत्नजडित पाळणा आजही पाहायला मिळतो. त्या पाळण्यात किती राजपुत्र खरोखर निजले आणि पुढे तख्ताच्या भांडणात त्यांच्यातल्या किती जणांचे गळे आवळले गेले, हा उस्मानी इतिहासाचा दुसरा भाग आहे. सोन्याने बाळ सुरक्षित होत नाही.

आता दख्खनकडे येऊ. पाळण्याच्या इतिहासातले आपले सर्वांत मोलाचे पान मला विजापूरचे वाटते. आदिलशाही काळात, विशेषतः सतराव्या शतकात, विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत बायकांच्या कामांवर गाणी रचली गेली. दळणाचे चक्कीनामा, सुताचे चरखानामा आणि बाळाला झोपवण्याचे लोरीनामा. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७० च्या दशकात या रचनांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांचे म्हणणे असे की दख्खनच्या खेड्यापाड्यांत इस्लाम पोहोचला तो मोठमोठ्या फारसी ग्रंथांनी नव्हे. ते ग्रंथ वाचणार कोण? तो पोहोचला जात्याच्या खुंट्यावर आणि पाळण्याच्या दोरीवर, बायकांच्या ओठांतून. जाते फिरते त्या लयीत अल्लाहचे नाव, दोरी ओढली जाते त्या लयीत पीराचे नाव.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. जात्यावरची ओवी आणि पाळणा हे आपल्या मराठीचे जुने प्रकार आहेत. राम, कृष्ण, शिवबा यांचे पाळणे बारशाला म्हटले जातात. एकाच गावात, कधी एकाच भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे, एक बाई विठ्ठलाचे नाव घेऊन दोरी ओढत होती आणि दुसरी पीराचे. चाल कुणी कुणाची घेतली हे आता सांगता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. धर्मांतराच्या इतिहासावर आपल्याकडे तलवार की प्रेम असा वाद घालतात. त्या वादात पाळण्याची दोरी धरणाऱ्या बाईचा उल्लेख कुणीही करत नाही. तिने आपल्या बाळाला काय ऐकवायचे ते स्वतः ठरवले होते आणि चारशे वर्षांनंतर आपण जे आहोत त्यात तिचा वाटा कुठल्याही सुलतानापेक्षा कमी नाही.

छटी, सातव्या दिवसाचा अकीका, चाळीस दिवसांचा चिल्ला या आपल्याकडच्या चौकटीत पाळण्याला धार्मिक स्थान तसे नाही. अकीका सुन्नत आहे, पाळणा नाही. तरीही दर्ग्याच्या आवारात झाडाला किंवा जाळीला बांधलेले वीतभर लांबीचे लाकडी पाळणे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मूल होत नसलेल्या बाया ते बांधतात, त्यात हिंदूही असतात आणि मुसलमानही. त्याला बिदअत म्हणणारे म्हणोत. ते लटकणारे पाळणे मोजणारा माणूस त्या मुलखातल्या बायकांच्या दुःखाची मोजदाद करू शकेल.

आणि मुहर्रममधला झूला. करबलात इसवी सन ६८० मध्ये, हिजरी ६१ साली, इमाम हुसैन यांचे सहा महिन्यांचे बाळ अली असगर तहानेने व्याकूळ असताना बाणाने शहीद झाले. लखनौ, हैदराबादच्या अजादारीत त्या बाळाच्या नावाने पाळणा काढतात. त्यात कुणी नसते. मिरवणुकीतली ताबूत, अलम, दुलदुल ही सगळी निशाणे पाहून न रडणारी माणसेही त्या रिकाम्या पाळण्यापुढे कोसळतात. सुन्नी घरातल्या बायकाही मुलांना कडेवर घेऊन तो पाहायला उभ्या राहतात.

युरोपचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला आणि त्याचे परिणाम आज आपल्या घरापर्यंत आले आहेत, म्हणून तो थोडा सविस्तर पाहावा लागेल.

तिथली जुनी भीती म्हणजे झोपेत आईच्या किंवा दाईच्या अंगाखाली बाळ चेंगरणे. ही भीती बायबलइतकी जुनी आहे. हजरत सुलेमान (अ.) यांच्या प्रसिद्ध निवाड्याची गोष्ट बायबलमध्ये आहे, त्यात एका बाईचे बाळ ती रात्री त्याच्या अंगावर झोपल्यामुळे मरते आणि दोघी जिवंत बाळावर हक्क सांगतात. हीच गोष्ट बुखारीच्या हदीसमध्ये येते तेव्हा एक तपशील बदललेला आहे. तिथे बाळाला लांडगा नेतो. या फरकावरून मोठा सिद्धांत काढण्याचे कारण नाही, परंतु एका परंपरेत धोका अंथरुणात आहे आणि दुसऱ्या परंपरेत तो बाहेरून, वाळवंटातून येतो, एवढे तर दिसतेच.

मध्ययुगात चर्चने असे मृत्यू हे पाप ठरवले, आयांना प्रायश्चित्ते दिली आणि बाळांना पाळण्यात निजवा असा आग्रह धरला. यातल्या काही मृत्यूंमागे गरिबी आणि नकोशी मुले होती, हे पाद्र्यांनाही ठाऊक होते. अठराव्या शतकात इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये 'आर्कुच्चो' नावाचे साधन वापरले जाई. लाकडी चौकट, वर कमान, आणि दूध पाजण्यासाठी बाजूला खाच. ती चौकट बाळासकट अंथरुणात ठेवायची म्हणजे दाई झोपेत वळली तरी तिचे वजन कमानीवर येईल. ती न वापरणाऱ्या दाईला धर्मबहिष्काराची धमकी होती, असे १७३० च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या वर्णनात म्हटले आहे. आज दुकानात जो पलंगाला जोडून ठेवायचा पाळणा मिळतो, त्याचा पूर्वज शोधायचा तर तो मला या आर्कुच्चोत दिसतो. आई जवळ, दूध जवळ, पण मध्ये एक सुरक्षित रेषा.

एकोणिसाव्या शतकात ही रेषा भिंत झाली. कारखान्यांच्या शहरांत एका खोलीत आठ-आठ माणसे झोपत. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पोलीस सर्जन टेम्पलमन यांनी १८९२ मध्ये अंथरुणात गुदमरलेल्या २५८ बाळांचा अभ्यास छापला. असे मृत्यू शनिवारी रात्री जास्त होत, कारण शनिवारी पगार होई आणि पगाराची दारू होई. ब्रिटनमध्ये १९०८ च्या बालक कायद्याने दारूच्या नशेत बाळाशेजारी झोपून त्याचा जीव गेल्यास तो गुन्हा ठरला. इथपर्यंत ठीक होते. पण दोष दारूचा आणि दाटीचा असताना शिक्षा जवळिकीला झाली. त्याच काळात अमेरिकेत डॉक्टर होल्ट यांच्या पुस्तकाने बाळाला झोके देणे ही वाईट सवय ठरवली. न्यूझीलंडमधून ट्रुबी किंग यांनी घड्याळ लावून दूध पाजण्याची शिस्त आणली. बाळाची खोली वेगळी, खाट लोखंडी, रडले तर रडू द्यायचे. साहेबांच्या बंगल्यातल्या आमच्या आया साहेबाच्या बाळाला मांडीवर घेऊन डोलायच्या, म्हणून मडमांच्या मार्गदर्शक पुस्तकांत त्यांच्यावर ताशेरे असत.

मुंबईत त्याच सुमारास काय चालले होते? गिरण्यांत काम करणाऱ्या बायका बाळाला घरी ठेवताना 'बाळगोळी' देत. तिच्यात अफू असे. १९२०-३० च्या काळातल्या सरकारी पाहण्यांत गिरणीकामगार बायकांच्या बाळांना अफू देण्याची पद्धत किती सर्रास होती याची नोंद आहे. आईला बारा तास उभे राहायचे असते, पाळणा हलवायला घरी कुणी नसते, तेव्हा बाळाने झोपणे ही गरज बाळाची नसते, गिरणीची असते. 'पाळणाघर' हा सुंदर मराठी शब्द या अफूच्या गोळीला उत्तर म्हणून वाचावा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. मात्र विड्या वळणारी बाई घरी बसून ठेकेदाराचे काम करते, तिच्यासाठी ना कारखाना ना पाळणाघर. सोलापूर-सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या, भिवंडी-मालेगावच्या मागाच्या पट्ट्यात घरबसल्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी आपले पाळणाघर स्वतः बांधले. छताच्या आढ्याला साडी, साडीत बाळ आणि पायाच्या अंगठ्याला दोरी. हात कामात, पाय पाळण्यात.

युरोप-अमेरिकेच्या गोष्टीतला सर्वांत दुःखद भाग यानंतरचा आहे. डॉक्टर स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. १९५० च्या दशकातल्या आवृत्तीपासून त्यांनी बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला दिला. उताणे बाळ उलटी झाली तर गुदमरेल, असा तर्क होता. तर्क बिनचूक वाटतो आणि चूक होता. स्वतंत्र खोलीत, छान खाटेत, पालथी निजवलेली निरोगी बाळे सकाळी मृत सापडू लागली. याला 'खाटेतला मृत्यू' असेच नाव पडले. १९८५ मध्ये हाँगकाँगमधल्या एका डॉक्टरने लिहिले की तिथल्या चिनी कुटुंबांत, जिथे बाळे उताणी आणि माणसांच्या गराड्यात निजतात, असे मृत्यू विरळा आहेत. १९८७ मध्ये नेदरलँड्सने, १९९१ मध्ये ब्रिटनने, १९९४ मध्ये अमेरिकेने बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम काढली. ब्रिटनमध्ये काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात संशोधकांनी दाखवले की पुरावा १९७० पर्यंतच पुरेसा जमला होता. तो तेव्हाच नीट तपासला असता तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून सुमारे ५०,००० बाळे वाचली असती. एका पुस्तकातल्या एका वाक्याची ही किंमत. छापील शब्दावर आंधळा विश्वास हा काही आपल्याच समाजाचा रोग नाही.

ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाची मोठी वस्ती आहे. तिथे गोऱ्या कुटुंबांच्या तुलनेत दक्षिण आशियाई कुटुंबांत अशा अचानक मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ कमी आहे, असे दिसून आले होते. ही कुटुंबे तर त्या मानाने गरीब. मग कारण काय? डरहॅम विद्यापीठाच्या हेलन बॉल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्हीकडच्या आयांना विचारले. पाकिस्तानी आया सगळे काही पुस्तकाप्रमाणे करत नव्हत्या. बाळाला उशी देत, रजई घालत, कुशीवर निजवत, आपल्या पलंगावर घेत. पण त्या सिगारेट ओढत नव्हत्या, दारू पीत नव्हत्या, बाळाला वेगळ्या खोलीत टाकत नव्हत्या आणि अंगावर जास्त पाजत होत्या. कुरआनाने दोन वर्षांपर्यंत दूध पाजण्याची जी मुदत सांगितली आहे, तिचा आणि दारूच्या मनाईचा असाही एक हिशेब असू शकतो. मात्र यावरून मिशा पिळण्याचे कारण नाही. बापाने बाळाच्या खोलीत विडी-सिगारेट ओढणे आपल्या मोहल्ल्यांत काही दुर्मीळ नाही. आणि आपल्याकडे तान्ही बाळे जातात ती वेगळ्या कारणांनी, कमी वजन, न्यूमोनिया, वेळेवर न मिळालेला दवाखाना. त्यावर कुठलाही पाळणा उपाय नाही.

त्यावर उपाय ठरलेली एक गोष्ट पुन्हा जवळिकीचीच आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून डॉक्टर एडगार रे यांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधली. २०२१ मध्ये दिल्लीच्या एका रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मताच अशी छातीशी धरलेली कमी वजनाची बाळे चतुर्थांशाने कमी दगावली. आईची छाती हाच पहिला गहवारा, हे सांगायला पाच देश लागले.

न्यूझीलंडच्या माओरी समाजाने केलेली गोष्ट मला यात सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांच्यात बाळाला अंथरुणात घेऊन झोपण्याची जुनी रीत आहे आणि धूम्रपानही फार. अशा जोडीमुळे बाळांचे अचानक मृत्यू जास्त. सरकार सांगे, बाळ वेगळे निजवा, आणि आया ऐकत नसत. २००५-०६ च्या सुमारास डॉक्टर डेव्हिड टिपेने-लीच आणि माओरी विणकर बायकांनी मिळून 'वहाकुरा' तयार केला. स्थानिक हरकेके गवताच्या पातीची विणलेली सपाट टोपली ती. ती आईबापांच्या पलंगावरच, त्यांच्या शेजारी ठेवायची. बाळ जवळही आणि वेगळेही. रीत मोडायला न सांगता रीतीतला धोका काढला. २०११ च्या ख्राइस्टचर्च भूकंपानंतर अशाच प्लास्टिकच्या पेट्या वाटल्या गेल्या. पुढच्या वर्षांत तिथे बालमृत्यू घटले आणि त्याचे श्रेय संशोधक या टोपल्यांनाही देतात. आपल्याकडे सुधारणा म्हटली की एक गट रीत जशीच्या तशी कवटाळतो आणि दुसरा तिच्यावर कुऱ्हाड घालतो. टोपली विणायला कुणी बसत नाही.

पाळण्याचा आणखी एक उपयोग आहे, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नको असलेल्या बाळासाठी दाराबाहेर ठेवलेला पाळणा. पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते फसवल्या गेलेल्या विधवांसाठी होते. कराचीत अब्दुल सत्तार इधी (१९२८ ते २०१६) आणि बिलकिस इधी (१९४७ ते २०२२) यांनी आपल्या केंद्रांच्या दारात झूले टांगले. बाळाला मारू नका, इथे ठेवून जा, कुणी काही विचारणार नाही, असा त्यावरचा मजकूर. काठियावाडच्या बांटवा गावातल्या मेमन घरात जन्मलेल्या या माणसावर काही मौलवींनी टीका केली की यामुळे अनैतिकतेला उत्तेजन मिळते. पण झूले निघाले नाहीत. हजारो बाळे त्यातून जगली, त्यात मुली जास्त. तमिळनाडू सरकारने १९९२ मध्ये स्त्री-अर्भकहत्या रोखण्यासाठी 'पाळणा बाळ' योजना काढली, तीही याच जातीची. जुरैजच्या आणि बीबी मरियमच्या गोष्टीत आळ आलेल्याच्या बाजूने बाळ बोलले होते. कराचीच्या झुल्यातले बाळ बोलत नाही, त्याच्या वतीने तो झूला बोलतो.

आता बाजारात काय घ्यावे, असे नव्या आईबापांनी विचारले तर इतिहास काही गोष्टी सांगतो. झोपताना बाळ पाठीवर असावे. गादी सपाट आणि घट्ट असावी. उशी, रजई, खेळणी, कडेच्या मऊ गाद्या नसाव्यात. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी देण्याची आपली हौस इथे बसत नाही. पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, हात पोहोचेल इतक्या जवळ असावे. पलंगाला जोडायचा पाळणा असेल तर तो पक्का बांधलेला हवा, कारण पलंग आणि पाळणा यांच्यामधली चार बोटांची फट ही खरी धोक्याची जागा. गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आतले असावे, म्हणजे बाळाचे अंग निसटून डोके अडकत नाही. अमेरिकेत हा नियम १९७० च्या दशकात आला. तिथेच एका बाजूची कड खालीवर सरकणाऱ्या खाटांवर २०११ मध्ये आणि उतरत्या बैठकीच्या पाळण्यांवर २०२२ च्या कायद्याने बंदी आली, कारण त्यात बाळे दगावली होती. तिकडे बंद झालेली तऱ्हा इकडे स्वस्तात विकली जाते का, हे घेणाऱ्याने पाहावे.

झोळीचे काय? झोळी झुलवून बाळाला शांत करायला हरकत नाही, पण दोऱ्या आणि कापडात बाळ दुमडते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. बाळ झोपले की सपाट जागी ठेवावे. दहा बाय दहाच्या खोलीत पलंगच नसतो, तिथे जोडायचा पाळणा कशाला जोडणार? तिथे जमिनीवर आईच्या गोधडीशेजारी बाळाची वेगळी घट्ट चौघडी, हाच त्या घराचा वहाकुरा.

बहुतेक मोहल्ल्यांत पाळणा विकत घेतच नाहीत, मागून आणतात. ज्या घरातली मुले धडधाकट वाढली त्या घरातला पाळणा मुबारक, म्हणून तोच मागितला जातो. एकेक पाळणा वीस-पंचवीस बाळे वाढवून झालेला असतो. अशा पाळण्याच्या कड्या झिजलेल्या असतात, खिळे सैल झालेले असतात आणि एखादा गज कधीचा गळालेला असतो. तो घरी आणण्याआधी सुताराकडे न्यावा. गज बसवायला आणि कड्या बदलायला त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.